पिस्तुलाची निवड आणि निवडीचे तीन प्रश्न

(व्याख्यानाचे शब्दांकन, शेवटी श्रोत्यांची प्रश्नोत्तरे)



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात पिस्तूल कुठून आलं? त्याचं असं आहे की या मालेचे बरेच श्रोते अमेरिकेत राहतात. कुणी न्यू जर्सीत, कुणी टेक्सासात, कुणी कॅलिफोर्नियात. निवडीवर आपण बोलायला लागलो तेव्हापासून त्यांच्याकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. ‘घरात पिस्तूल घ्यावं असा विचार चालला आहे. दुकानात गेलं की तीन-चार कंपन्यांची, जवळजवळ सारखीच दिसणारी पिस्तुलं समोर मांडतात. यातलं निवडायचं कसं?’

आम्ही शस्त्रतज्ज्ञ नाही, तर्कशास्त्राचे शिक्षक आहोत. पण हा प्रश्न निम्मा शस्त्राचा आणि निम्मा तर्काचा आहे. बुरिडानच्या नावावर खपणारं ते गाढव तुम्हाला माहीत आहे. दोन अगदी सारख्या गवताच्या पेंढ्यांमध्ये उभं राहिलं आणि कोणती खावी हे न ठरल्यामुळे उपाशी मेलं. माणूस तसा मरत नाही. माणूस वेगळीच गंमत करतो. दोन पेंढ्यांतला बारीकसारीक फरक शोधत बसतो, त्यावर रात्र-रात्र वाद घालतो, आणि आपल्याला भूक लागली आहे का, हे गवत आपण पचवू शकतो का, हे विचारायचं विसरतो. आजचं व्याख्यान त्या विसरलेल्या प्रश्नांवर आहे.

आधी वस्तू समजून घेऊ

ज्या पिस्तुलांबद्दल बोलायचं त्यांचं पूर्ण वर्णन आहे ‘कॉम्पॅक्ट, पॉलिमर फ्रेमचं, अर्धस्वयंचलित पिस्तूल’. एकेक शब्द सोडवू.

अर्धस्वयंचलित म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पण त्या स्फोटाच्या जोराने वरची पोलादी स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत बसवते. पुढची गोळी तयार. मात्र ती सुटण्यासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो.

पॉलिमर म्हणजे मजबूत केलेलं प्लॅस्टिक. मूठ आणि खालचा सांगाडा त्याचा असतो. नळी आणि स्लाइड पोलादाचीच. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉख कंपनीने १९७० मध्ये ‘व्हीपी ७०’ हे असं पिस्तूल आणलं होतं, पण ते फारसं चाललं नाही. खरा बदल झाला ऑस्ट्रियात. तिथल्या सैन्याला १९८० च्या सुमारास नवं पिस्तूल हवं होतं. गास्टन ग्लॉक नावाच्या उद्योजकाने, ज्याच्या कारखान्यात पडद्यांच्या दांड्या आणि सुऱ्या बनत होत्या आणि ज्याने तोवर एकही पिस्तूल बनवलं नव्हतं, आपला नमुना मांडला आणि १९८२ मध्ये सैन्याने तो स्वीकारला. अमेरिकेत सुरुवातीला आवई उठली की हे ‘प्लॅस्टिकचं पिस्तूल’ विमानतळावर सापडणार नाही. त्यात तथ्य नव्हतं, कारण आत भरपूर पोलाद होतं. पण धातुशोधकाला न सापडणाऱ्या शस्त्रांवर बंदी घालणारा कायदा मात्र १९८८ मध्ये झाला.

त्याच १९८८ मध्ये ‘ग्लॉक १९’ आलं. सैन्याच्या पिस्तुलाची नळी आणि मूठ थोडी आखूड केलेली ही आवृत्ती. यालाच कॉम्पॅक्ट म्हणायचं. मोठं पिस्तूल हातात स्थिर राहतं पण अंगावर लपत नाही. छोटं लपतं पण हातात उसळतं. कॉम्पॅक्ट म्हणजे दोन्ही डगरींवर हात. नळी साधारण १०० मिलिमीटर, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, रिकाम्या मॅगझिनसह वजन पाऊण किलोच्या आत. तुलनेसाठी सांगायचं तर पहिल्या महायुद्धापासून अमेरिकी सैनिकांच्या कमरेला असलेलं पोलादी ‘कोल्ट १९११’ किलोहून जड होतं आणि त्याच्या मॅगझिनमध्ये ७ गोळ्या बसत.

आज दुकानाच्या काचेखाली ग्लॉक १९ च्या शेजारी सिग सॉअरचं ‘पी ३२०’, स्मिथ अँड वेसनचं ‘एम अँड पी’, चेक देशातल्या सीझेडचं ‘पी १०’ अशी मंडळी असतात. सगळी ९ मिलिमीटरची, सगळ्यांची मापं थोड्याफार फरकाने तीच. सगळ्यांची आतली यंत्रणा एकाच घराण्यातली. बाहेर दिसणारा हातोडा नाही. आत स्प्रिंगवर ताणलेला स्ट्रायकर असतो आणि चाप ओढला की तो पुढे येऊन काडतुसावर आदळतो.

म्हणजे आपल्या पेंढ्या खरोखरच सारख्या आहेत. आता तर्काकडे वळू.

न्यायशास्त्राचे तीन प्रश्न

माणूस एखादी कृती करायला प्रवृत्त होतो तेव्हा त्याच्या मनात कोणतं ज्ञान असतं, याची फार नेटकी मांडणी आपल्या नव्यनैयायिकांनी केली आहे. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘सिद्धान्तमुक्तावली’त ती सापडते. शब्द जड आहेत, अर्थ मात्र स्वयंपाकघरातला आहे.

पहिलं, इष्टसाधनता : या कृतीने मला हवं ते साधतं का? पाण्यावर काठी मारत बसण्याने काही साधत नाही, म्हणून शहाणा माणूस ते करत नाही. दुसरं, कृतिसाध्यता : ही गोष्ट माझ्या हातून होण्यासारखी आहे का? पाऊस सर्वांना हवा असतो, पण ‘पाऊस पाडतो’ म्हणून कुणी कामाला लागत नाही. तिसरं नाव लांबलचक आहे, बलवदनिष्टाननुबंधित्व : हवं ते मिळवताना त्याहून मोठं नको ते मागोमाग येत नाही ना? विष कालवलेला मध गोड लागतो, भूकही भागवतो, खाणं सहज शक्यही असतं. तरी आपण तो खात नाही.

लक्षात घ्या, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ आली तरी तिसऱ्याचं उत्तर वाईट आलं तर प्रवृत्ती तिथेच अडते. नैयायिक त्याला प्रतिबंधक म्हणतात. आणि आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे : पिस्तुलांची तुलना करणारे तक्ते फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात. वस्तू जितक्या सारख्या, तितका पहिला प्रश्न निकामी होतो आणि निवड दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नावर येऊन ठेपते.

पहिला प्रश्न : हवं ते साधतं का?

इथे एक घडलेली गोष्ट घेऊ. एका देशात, एकाच केंद्र सरकारच्या दोन खात्यांनी, वर्षभराच्या आत याच घराण्यातली पिस्तुलं निवडली आणि दोघांची निवड वेगवेगळी झाली.

एफबीआयने २०१६ च्या जूनमध्ये कंत्राट दिलं ग्लॉकला. सैन्याने २०१७ च्या जानेवारीत दिलं सिग सॉअरला. पी ३२० ची सैनिकी रूपं ‘एम १७’ आणि लहान ‘एम १८’. हे कंत्राट जास्तीत जास्त ५८ कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकणारं. ग्लॉकने तक्रार केली. सरकारी हिशेबतपासणी कार्यालयाने त्या जूनमध्ये ती फेटाळली. त्या निर्णयात किंमती आल्या आहेत : सिगची मूल्यांकित किंमत १६ कोटी ९५ लाख डॉलर, ग्लॉकची २७ कोटी २२ लाख.

मग यातलं कोण चुकलं? कुणीच नाही. सैन्याच्या अटींत हाताने लावायचं सेफ्टी बटण होतं, आणि वेगवेगळ्या हातांना बसेल अशी रचना हवी होती. पी ३२० मध्ये चाप आणि त्याची यंत्रणा हा एक वेगळा धातूचा गाभा असतो. अमेरिकी कायद्याने ‘शस्त्र’ म्हणजे तो नंबर टाकलेला गाभा. बाहेरची प्लॅस्टिकची मूठ लहान, मध्यम, मोठी अशी बदलता येते. लाखो सैनिक, त्यांतल्या अनेकांच्या हाती पिस्तूल क्वचितच येणार, त्यात किंमतीत १० कोटी डॉलरचा फरक. एफबीआयचा एजंट मात्र तेच एक पिस्तूल रोज कमरेला लावतो आणि ठरलेल्या वेळी चाचणी देतो. तिथे वेगळ्या सेफ्टी बटणाची गरज मानली नाही. इष्ट वेगळं, म्हणून साधन वेगळं. ‘सर्वांत चांगलं पिस्तूल कोणतं’ हा प्रश्न व्याकरणाने पूर्ण दिसतो, पण अर्थाने अपुरा आहे. कुणासाठी आणि कशासाठी, हे दोन शब्द त्यात घातल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आणखी एक. तक्त्यात जे येतं ते मोजता येतं म्हणून येतं. पण २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिग सॉअरला पी ३२० च्या नागरी ग्राहकांसाठी मोफत सुधारणा जाहीर करावी लागली, कारण ते पिस्तूल विशिष्ट कोनात खाली आदळलं तर गोळी सुटू शकते असं चाचण्यांत दिसलं होतं. सैन्याच्या चाचण्यांतही ही अडचण आली होती आणि चापाचे भाग हलके करून ती दूर केली गेली. त्यानंतरही चाप न ओढता गोळी सुटली अशा तक्रारींवर खटले झाले. काहींत ज्यूरीने कंपनीच्या विरुद्ध कौल दिला, काही टिकले नाहीत. कंपनी असा दोष मान्य करत नाही. आम्ही इथे निवाडा देत नाही. मुद्दा असा की वजन, लांबी, गोळ्यांची संख्या या रकान्यांत असं काही दिसलं नसतं. घेणाऱ्याने निदान एवढं करावं : आपल्या हातातली वस्तू सुधारणेनंतरची आहे का, हे नंबरावरून तपासून घ्यावं.

दुसरा प्रश्न : माझ्या हातून होईल का?

इथे ‘माझ्या’ या शब्दावर भर द्या. कृतिसाध्यता वस्तूत राहत नाही, ती वस्तू आणि कर्ता यांच्या नात्यात राहते. चाप बोटाच्या पेराला नीट पोचतो का? स्लाइड मागे खेचायला बरीच ताकद लागते. साठी ओलांडलेल्या, सांधे धरलेल्या हाताला ती खेचता येते का? पिस्तूल हलकं असेल तर बाळगायला सोपं, पण गोळी सुटल्यावर झटका जास्त. ही उत्तरं दुसऱ्याच्या तोंडून मिळत नाहीत. हातच्या कंकणाला आरसा कशाला? अमेरिकेत बऱ्याच नेमबाजी केंद्रांवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. तीन पिस्तुलं, तीच काडतुसं, तेच सात-आठ मीटरचं अंतर. प्रशिक्षक सोबत हवा. पहिल्या दहा गोळ्यांवर जाऊ नका. हात दमल्यावरच्या शेवटच्या दहा बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. एवढ्याने जे कळतं ते शंभर तक्त्यांनी कळत नाही.

चापाचं उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण यात नीतीचा प्रश्नही लपला आहे. ग्लॉकचा चाप कारखान्यातून येतो तेव्हा ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांना १९९३ पासून रिव्हॉल्व्हरऐवजी अशी पिस्तुलं मिळू लागली, तेव्हा खात्याने मुद्दाम जड चाप बसवून घेतले, सुमारे साडेपाच किलोचे. हेतू उघड होता : घाबरलेल्या पोलिसाच्या बोटाने नकळत गोळी सुटू नये. हेतू चांगलाच. पण किलोभराच्या आसपासच्या वस्तूवरचा चाप साडेपाच किलोच्या जोराने ओढताना नळीचं तोंड हलतं. २४ ऑगस्ट २०१२ ला एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या. रस्त्यावरचे ९ लोक जखमी झाले, ते सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी. त्यानंतर या जड चापाची चर्चा झाली. चापामुळेच तसं झालं असं कुणी सिद्ध करू शकत नाही. गर्दी होती, क्षण होता, सरावाचा प्रश्न होता. पण निवडीचं रूप इथे स्पष्ट दिसतं. हलका चाप एका प्रकारची चूक वाढवतो, जड चाप दुसऱ्या प्रकारची. दोन्ही चुका शून्यावर आणणारा चाप नाही. आपण निवडतो ते कोणती चूक पत्करायची एवढंच, आणि ती कुणाच्या अंगावर पडेल हे आधी विचारायला हवं.

‘सुरक्षितता कुठे राहते?’ हा प्रश्नही इथेच येतो. ग्लॉकच्या चापाच्या मध्यभागी एक छोटी पट्टी असते. बोट सरळ चापावर आल्याशिवाय ती दबत नाही. आत आणखी दोन आपोआप चालणारे अडसर आहेत. पण अंगठ्याने लावायचं बटण नाही. साफसफाईसाठी ते उघडताना चाप ओढावा लागतो. मॅगझिन काढलं पण नळीत एक काडतूस राहिलं, हे न बघता कुणी चाप ओढला तर ते पिस्तूल इमानाने आपलं काम करतं. पी ३२० आणि एम अँड पी चाप न ओढता उघडता येतात. हा फरक खरा आहे आणि विसराळू माणसाने तो जरूर मोजावा. पण नळीत बघायची सवय असलेल्याला तो फरक फारसा उरत नाही, आणि ती सवय नसलेल्याला कोणतंच पिस्तूल पुरेसं सुरक्षित नाही. म्हणजे सुरक्षितता थोडी यंत्रात राहते आणि बरीचशी सवयीत. सवय दुकानात मिळत नाही. पिस्तूल घरात आलं की आपण सुरक्षित झालो, असं मानणं म्हणजे ‘पी हळद नि हो गोरी’.

म्हणून या प्रश्नापाशी आम्ही हर्बर्ट सायमनचा सल्ला देतो. अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना १९७८ मध्ये मिळालं. त्यांचं सांगणं असं की सर्वोत्तम शोधत बसण्यापेक्षा ‘पुरेसं चांगलं’ म्हणजे काय ते आधी ठरवा. त्या कसोटीला उतरणारं पहिलं घ्या आणि शोध थांबवा. चार सारख्या पिस्तुलांत जे हाताला बसतं आणि नीट चालतं ते पुरेसं चांगलं. वाचलेला वेळ आणि पैसा सरावात घाला.

तिसरा प्रश्न : त्याहून मोठं नको ते येत नाही ना?

आता आपण मधातल्या विषाकडे आलो. इथे आवाज चढवायची गरज नाही, आकडे पुरेत.

अमेरिकेत २०२१ या एका वर्षात बंदुकांच्या गोळ्यांनी ४८,८३० माणसं मेली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दरोडेखोर, टोळीयुद्ध, शाळेतला माथेफिरू येतो. त्यांतले २६,३२८ मृत्यू, म्हणजे निम्म्याहून जास्त, आत्महत्या होत्या.

दुसरा आकडा. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कॅलिफोर्नियाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २ कोटी ६३ लाख प्रौढांच्या नोंदी, बारा वर्षांपर्यंतच्या. ज्यांच्या मालकीचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होतं आणि ज्यांच्या नव्हतं, त्यांच्यातलं आत्महत्येचं प्रमाण ताडून पाहिलं. पुरुष मालकांत ते तिपटीहून जास्त, स्त्री मालकांत सातपटीहून जास्त निघालं.

तर्काच्या विद्यार्थ्याने इथे लगेच हात वर करावा : ‘सर, सहचार म्हणजे कारण नव्हे. मरायचं ठरवलेल्यांनीच पिस्तूल घेतलं असेल.’ रास्त शंका. खरेदीनंतर लगेचच्या दिवसांत धोका सर्वांत जास्त होता, हे त्या अभ्यासातही दिसतं. पण अशा मृत्यूंपैकी मोठा भाग खरेदीनंतर वर्षभर उलटून गेल्यावरचा आहे, हेही दिसतं. म्हणजे घेताना मनात तसं काही नसलेल्या माणसाच्या घरातही पिस्तूल कपाटात वाट बघत राहतं. मनाची काळोखी घटका बहुतेकदा सरते. त्या घटकेला हाताशी काय असतं यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

आता तुलनेचा तक्ता पुन्हा काढा. तिसऱ्या प्रश्नाबाबत ग्लॉक १९, पी ३२०, एम अँड पी, पी १० यांत काय फरक आहे? काहीही नाही. सगळी सारखीच. ज्या प्रश्नावर सर्वाधिक पणाला लागलं आहे, त्या प्रश्नावर ही निवड निवडच नाही! तिथे खरी निवड वेगळी आहे : घ्यायचं की नाही, घेतलं तर ठेवायचं कुठे, किल्ली कुणाकडे, आणि घरात कुणाचं मन ठीक नसेल तर काय करायचं.

आणि ‘बलवत्’ म्हणजे किती मोठं, हे माणसागणिक बदलतं. मोंटानातल्या एकाकी शेतघरात, पोलीस यायला तास लागतो तिथे, एक उत्तर येईल. परीक्षेच्या ताणाखालचा सोळा वर्षांचा मुलगा असलेल्या उपनगरातल्या घरात दुसरं येईल. दोन्ही घरांना एकच उत्तर देणारा माणूस, मग तो कोणत्याही बाजूचा असो, विचार करत नसतो. पण तिसरा प्रश्न दोन्ही घरांनी विचारायला हवा, आणि आधी विचारायला हवा. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरणार असेल तर औषधाच्या बाटलीचा रंग कोणता, यावर वाद कशाला?

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : सर, एवढं सगळं ऐकल्यावरही विचारते, एक नाव सांगाच ना.*

नाव सांगितलं तर व्याख्यान फुकट गेलं, बाई. तुमचा हात आम्ही पाहिलेला नाही. क्रम मात्र सांगतो. आधी घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी बसून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढा. उत्तर ‘घेऊ या’ असं आलं तर आधी झटकन उघडणारी, पण मुलांना न उघडणारी पक्की पेटी घ्या. मग प्रशिक्षकाकडे जा. पिस्तूल सर्वांत शेवटी. आपल्या राज्याचा कायदाही पाहा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी इथे मॅगझिन १० गोळ्यांचीच चालते. कॅलिफोर्नियात तर दुकानदाराला नवी विकता येतील अशा पिस्तुलांची सरकारी यादीच आहे. काही ठिकाणी तुमच्या निवडीतली अर्धी नावं कायद्यानेच कमी झालेली असतात.

*प्रश्न : अंगठ्याने लावायचं सेफ्टी बटण असावं की नसावं?*

एम अँड पी दोन्ही प्रकारांत मिळतं, म्हणून प्रश्न योग्य आहे. बटण असेल तर ते काढायची क्रिया इतकी अंगवळणी पडली पाहिजे की घाबरलेल्या अवस्थेतही अंगठा आपोआप चालेल. तेवढा सराव होणार नसेल तर बटण ऐन वेळी अडेल. बटण नसेल तर चाप पूर्ण झाकणारं पक्कं होल्स्टर आणि चापाबाहेर बोट ठेवायची शिस्त हवी. तीही सरावानेच येते. म्हणजे दोन्ही वाटा सरावाच्या गावातूनच जातात. सराव करणारच नसाल, तर हा प्रश्न बटणाचा राहिला नाही, पिस्तूल घ्यावं का याचा झाला.

*प्रश्न : माझ्या भावाला सध्या नैराश्य आहे, त्याच्याकडे पिस्तूल आहे. मी काय बोलू?*

हा प्रश्न विचारलात, फार बरं केलंत. ‘तुझ्यावर विश्वास नाही’ असं बोलू नका. ‘तुला बरं वाटेपर्यंत ते दुसरीकडे ठेवू या’ असं म्हणा. तात्पुरतं कुठे ठेवता येईल याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. स्थानिक पोलीस किंवा परवानाधारक दुकानदार यांना विचारा. त्याच्याशी सरळ बोला, जिवाला बरं-वाईट करायचा विचार येतो का असं विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर फोन केला की दिवसरात्र मदत मिळते. आणि हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका; आज फोन करा.

*प्रश्न : भारतात राहणाऱ्या आम्हाला याचा काय उपयोग?*

९ मिलिमीटरची ही पिस्तुलं भारतात सामान्य नागरिकाला घेता येत नाहीत. तो व्यास निषिद्ध गटात येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळणं हीच मोठी गोष्ट, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. तेव्हा पिस्तुलाचा उपयोग नाही. तीन प्रश्नांचा आहे. मुलीसाठी दुचाकी घेताना, वडिलांची शस्त्रक्रिया ठरवताना, कर्ज काढून फ्लॅट बुक करताना हेच तीन प्रश्न याच क्रमाने उभे राहतात. तिथेही आपण गाडीचा रंग आणि फ्लॅटच्या फरशा यांवर तासन् तास घालवतो, आणि हप्ता भरता आला नाही तर काय, हा प्रश्न सही झाल्यावर आठवतो.

पुढच्या वेळी प्रतिबंधक या कल्पनेवरच बोलू : कळत असूनही माणूस विष कालवलेला मध का खातो? नैयायिकांकडे त्याचंही उत्तर आहे. आज इथेच थांबू.